मागची वाडी

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मी पुण्यात, एरंडवण्यातल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात खिडकीपाशी उभी होते. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. सह्याद्री ओलांडून आमच्यापर्यंत येईस्तोवर वाऱ्याचा जोर पुष्कळ ओसरला होता. तरीही आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गुलमोहर त्या दुपारनंतर टिकला नाही. झाड पडताना मोठा आवाज होत असेल अशी माझी समजूत होती, पण तसे झाले नाही. आधी फुटपाथवरच्या फरशा एकेक करून उचकटल्या जात असल्यासारखा कडकड आवाज आला, मग ओल्या पानांचा एक लांबलचक सळसळाट, आणि त्यानंतर पुन्हा फक्त पाऊस.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कॅमेरा घेऊन खाली उतरले. अडीच महिन्यांच्या टाळेबंदीनंतर पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात चालायला आणि सायकल चालवायला परवानगी मिळाली होती आणि ती नेमकी ३ जूनपासून लागू झाली होती. त्यामुळे इतक्या दिवसांनी घराबाहेर टाकलेले माझे पहिले पाऊल त्या पडलेल्या झाडापाशी पडले. फुले ऐन बहरात होती. डांबरावर ओल्या लाल पाकळ्या अशा चिकटल्या होत्या की त्या नखाने खरवडून काढाव्या लागल्या असत्या. मुळांचा गड्डा माझ्या खांद्याइतका उंच उभा राहिला होता. त्यात मातीपेक्षा इतर गोष्टीच अधिक होत्या: पेव्हर ब्लॉक, केबलचा तुटका तुकडा, दुधाच्या पिशव्या आणि कधीतरी बुंध्याला लगटून ओतलेल्या काँक्रीटचे अर्धे कडे. एका बाजूची जाड मुळे करवतीने कापल्यासारखी सरळ तुटलेली होती आणि तो काप जुना, काळा पडलेला होता. केबलसाठी चर खणताना ती कधीतरी तोडली असणार. झाड वाऱ्याने पाडले हे खरे, पण त्याचा एक पाय त्याआधीच काढून घेतलेला होता.

फांद्यांमध्ये कावळ्याचे घरटे होते. कावळ्याने घरटे किती उंचीवर बांधले यावरून पावसाचा अंदाज करणारी माणसे आमच्या घरात होती, त्यामुळे ते मी बराच वेळ पाहिले. काटक्यांच्या आत तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या होत्या, कपड्यांचा एक तारेचा हँगर होता, आणि बाजूला हिरवट निळ्या, तपकिरी ठिपक्यांच्या अंड्यांची कवचे. मी अगदी जवळ जाऊन, गुडघ्यावर बसून, त्यांचे फोटो काढले. महापालिकेची माणसे करवत घेऊन आली तोवर माझे दोनशेहून अधिक फोटो झाले होते.

संध्याकाळी ते संगणकावर उतरवताना मला वाटले की शेजारी या झाडाचा उभा असतानाचा एक फोटो असावा. मी शोधू लागले आणि तो मला सापडला नाही. त्या झाडाखालून मी १४ वर्षे येत-जात होते, माझी गाडी रोज त्याच्या सावलीत उभी असे आणि छायाचित्रण हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. तरी त्या झाडाचा माझ्याकडे एकही फोटो नव्हता. भावाने नवी स्कूटर घेतली तेव्हाच्या एका फोटोत स्कूटरच्या मागे त्याच्या बुंध्याची एक बाजू दिसत होती आणि शेजारच्या वरातीच्या एका फोटोत एक फांदी. झाड असे त्यात नव्हतेच. पडल्यानंतरचे दोनशे फोटो आणि उभे असतानाचे दीड, हे माझ्या कामाचे प्रमाण होते.

माझे आजोळ श्रीवर्धन तालुक्यात आहे. समुद्रापासून थोडे आत, नारळ-पोफळीची वाडी आणि वाडीच्या टोकाला कौलारू घर. वादळानंतर दहा दिवस तिकडून काहीही कळले नाही. वीज गेली होती, ती पुढे महिनाभर आली नाही. मोबाइलचे मनोरे बंद पडले होते आणि जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. अकराव्या दिवशी मामाचा फोन आला, तोही गावामागच्या टेकाडावर चढून, जिथे रेंजच्या एक-दोन काड्या मिळत होत्या तिथून. सगळे सुखरूप आहेत एवढे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “अगो, पत्रे गेले, कौले गेली, ते सगळे होईल. तू मागे गणपतीत येऊन फोटो काढले होतेस ना, ते आहेत का तुझ्याकडे?”

“कुठले हवेत, मामा?”

“कुठलेही. मागे वाडी दिसते असे.”

त्याची अडचण अशी होती. पंचनामे सुरू झाले होते, पण विहिरीची वाट आणि घराचे दार मोकळे करायला पडलेले माड आणि पोफळी त्याआधीच कापून बाजूला टाकाव्या लागल्या होत्या. ओंडक्यांवरून झाडे मोजणे कठीण होते. वाडी सामायिक, सातबाऱ्यावर नावे अनेक, आणि कोणती रांग कोणाची हे आजवर झाडांवरूनच ठरत आले होते. झाडेच गेल्यावर भावाभावांत शब्द वाढू लागले. शिवाय सरकारी मदतीचा हिशेब सुरुवातीला हेक्टरवर होता आणि कोकणातली वाडी गुंठ्यांत असते. एक हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे. दहा-बारा गुंठ्यांच्या वाडीत माडांच्या सावलीला पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, मधल्या जागेत जायफळ आणि पाटाच्या कडेने केळी असे एकावर एक संसार असतात. क्षेत्रफळ मोजून त्यातले काय हाती लागणार? मामाला झाडांचा आकडा हवा होता आणि तो त्याच्या डोक्यात होता, पण डोक्यातला आकडा पंचनाम्यात लिहिता येत नाही.

त्या रात्री मी सगळ्या हार्ड डिस्क बाहेर काढल्या. त्यांत मला जे दिसले ते माझ्या व्यवसायाबद्दल मला कोणी आजवर सांगितले नव्हते. माझे फोटो सुंदर होते आणि मामाच्या उपयोगाचे नव्हते. मामी उकडीचे मोदक वळते आहे, मागे हिरवा विरघळलेला रंग. मावसभाऊ मुंजीत भिक्षावळीची झोळी घेऊन उभा आहे, मागे तोच विरघळलेला हिरवा रंग आणि त्यात उन्हाचे गोल मऊ ठिपके. पन्नास मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र, एक दशांश आठवर मोठे उघडे, चेहरा धारदार आणि मागचे सगळे पुसलेले. चांगला फोटो म्हणजे माणूस मागच्या पसाऱ्यातून सुटा करणे, हे मी शिकले होते, शिकवतही होते, आणि ज्याला मी पसारा समजत होते ती मामाची वाडी होती. तो हिरवा धूर मी मोठा करून, उजळ करून, धार वाढवून पाहिला. धुरातून झाडे मोजता येत नाहीत.

उपयोगी पडले ते वडिलांचे फोटो. त्यांच्याकडे खिशात मावणारा एक स्वस्त डिजिटल कॅमेरा होता. अशा छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळे त्यात जवळचे आणि लांबचे बहुतेक सगळे सारखेच स्पष्ट येते. माणसांची डोकी कापलेली, क्षितिज कललेले, कोपऱ्यात अंगठा. त्या फोटोंकडे मी वर्षानुवर्षे मायेने आणि थोड्या वरचढपणाने पाहत आले होते. त्यांच्यात आरतीला उभ्या असलेल्या माणसांच्या मागे प्रत्येक पोफळ आपापल्या जागी, अंगावरच्या कड्यांसकट, मोजता येण्यासारखी उभी होती.

आम्ही चार रात्री मोजत होतो. मी पुण्यातून, मामा रेंजच्या टेकाडावरून. विहीर आणि गोठ्याचा कोपरा या दोन खुणा धरायच्या, एका फोटोतली रांग दुसऱ्या फोटोतल्या रांगेला जोडायची आणि झाडावर लाल आकडा टाकायचा. ६३ पोफळी आणि १७ माड निश्चित झाले. दोन माडांबद्दल मामा हट्टाला पेटला होता. अखेर एका फोटोत वाळत घातलेल्या लुगड्यामागे त्यातला एक सापडला. आकडे टाकलेले ते फोटो मामाच्या धाकट्या भावाने पाहिले आणि कोणती रांग कोणाची हा वाद तिथेच थांबला. पुढे भरपाई झाडाच्या हिशेबाने देण्याचे ठरले, तेव्हाही तो कागद मामाच्या हातात होता.

तेव्हापासून मी वेगळ्या रीतीने फोटो काढते आहे आणि आजचे हे लिहिणे मुख्यतः त्याबद्दल आहे.

त्या वर्षी कामे जवळजवळ थांबली होती. लग्ने ५० माणसांत होत होती आणि पन्नास माणसांच्या लग्नाला बाहेरचा छायाचित्रकार कोणी बोलावत नव्हते. नाट्यगृहे बंद होती. डिसेंबरात ज्या संगीत महोत्सवाच्या मंडपात मी दरवर्षी रात्रीपर्यंत उभी असे, तो मंडप त्या वर्षी उभा राहणारच नव्हता. ऑनलाइन शिकवण्यांवर घर चालले. प्रवास करणे शक्य नव्हते. त्यामुळे मी घरापासून पायी जाऊन परत येता येईल एवढाच भाग धरला: पलीकडे कालवा, अलीकडे प्रभात रस्त्याच्या गल्ल्या, खाली कर्वे रस्ता आणि डेक्कन, आणि पाय चालतील त्या दिवशी पूल ओलांडून पेठा. लेन्स एकच, ३५ मिलिमीटरची. अॅपर्चर आठ किंवा अकरा, म्हणजे छिद्र लहान आणि मागचे काही पुसले जाणार नाही. आणि नियम एवढाच की जे पडले आहे, मोडले आहे किंवा जळले आहे त्याचा फोटो काढायचा नाही. उभे आहे, चालू आहे, उघडे आहे त्याचाच काढायचा. माणूस असला तर त्याच्या मागचे दुकान, भिंत, झाड आणि तारा यांच्यासकट.

हे सांगायला सोपे आहे आणि करायला फार अवघड गेले. फोटो काढण्यासाठी काहीतरी घडावे लागते ही सवय हाडात मुरलेली असते. ती माझ्यापुरती नव्हती. बघणाऱ्यांचीही तीच होती. प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत पर्जन्यवृक्षाखाली इस्त्रीची गाडी उभी असते. मी ट्रायपॉड लावला तसे इस्त्रीवाले काका इस्त्री बाजूला ठेवून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारले, “ताई, झाड तोडणार आहेत का?” मी नाही म्हटल्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही. कॅमेरा आला म्हणजे काहीतरी जाणार आहे, हे त्यांनी अनुभवाने शिकलेले होते. पुढे सहा महिने मी दर पंधरवड्याला तिथे जात राहिले. तेव्हा कुठे त्यांनी मला झाडाची हकिकत सांगायला सुरुवात केली: संध्याकाळी त्याची पाने मिटतात ती वेळ पाहून ते निखारे विझवायला घेतात, शेंगा पडायच्या दिवसांत कपड्यांवर चिकट डाग पडू नयेत म्हणून वर प्लॅस्टिक बांधतात, आणि गाडीचे एक चाक मुळाने उचलले आहे म्हणून दुसऱ्या बाजूच्या चाकाखाली वीट ठेवतात. ती वीट माझ्या पहिल्या फोटोत आहे. ती मी तेव्हा पाहिली नव्हती. ती आपोआप आली, कारण मी काही पुसले नव्हते.

पेठांत हिंडताना मला वारंवार असे वाटत राहिले की या शहराने आपली झाडे नावांतून जपली आणि रूपे जाऊ दिली. निवडुंग्या विठोबा, उंबऱ्या गणपती, चिंचेची तालीम. ती चिंच केवढी होती, तालमीच्या कोणत्या अंगाला होती, तिच्याखाली कोण बसत असे, हे नावातून कळत नाही. पाण्याचेही असेच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. माझे वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि शनिवार पेठेत राहत होते. पाणी ओसरल्यावर चिखलात उभ्या असलेल्या वाड्यांचे फोटो पुष्कळ घरांत आहेत, आमच्याकडेही एक आहे. पण वडील सांगतात ते घर वेगळे असते: जिन्याखालचा पाण्याचा हंडा, ओट्यावरची दिवाळीची रांगोळी, माडीच्या खिडकीतून दिसणारा नदीचा तुकडा. पुराच्या आदल्या दिवशीच्या त्या घराचा एकही फोटो नाही. वडिलांना अजूनही त्या घरातली दारे नक्की कोणत्या बाजूला उघडत असत यावर काकाशी वाद घालताना मी ऐकले आहे. हे दोघे सत्तरी ओलांडलेले भाऊ ज्या दाराबद्दल भांडतात ते दार साठ वर्षांपूर्वी वाहून गेले.

पॅरिसमध्ये यूजेन आत्जे नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. त्याने सुमारे तीन दशके एक अवजड लाकडी कॅमेरा आणि फोटो उमटवायच्या काचेच्या प्लेट पाठीवर वाहून त्या एका शहरातल्या जुन्या गल्ल्या, दुकानांची तोंडे, जिने आणि अंगणे टिपली आणि ती चित्रकारांना व ग्रंथालयांना विकून पोट भरले. विद्यार्थिनी असताना मला त्याचे फोटो निर्जीव वाटायचे. त्यांत माणसे नाहीत, प्रसंग नाही, म्हणून मी पाने भराभर उलटत असे. २०२० च्या पावसाळ्यात मी तेच फोटो पुन्हा पाहिले आणि एका गल्लीतल्या दगडी गटारावर, भिंतीवरच्या ओलीवर, दाराच्या कडीवर बोट ठेवत बसले. त्याने काहीही पुसलेले नव्हते.

त्याच सुमारास एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी वादळावर छायाचित्रांची आठ पाने मागितली. मी त्यांना वडिलांचे फोटो लाल आकड्यांसकट आणि माझे पुण्यातल्या उभ्या झाडांचे फोटो असे एकत्र पाठवले. त्यांना ते पटले नाहीत. वाचकाला वादळ दिसले पाहिजे, तुम्ही कोकणात जाऊन पडझड का टिपत नाही, असे त्यांनी कळवले. त्यांच्या बाजूने पाहिले तर मागणी चुकीची नव्हती. पडझडीचे फोटोही लागतात, ते पाहून लोकांनी कौले पाठवली, पैसे पाठवले, मेणबत्त्या आणि रॉकेल पाठवले. पण उघड्या पडलेल्या घरात बसलेल्या माणसासमोर मी कॅमेरा धरावा, हे मला त्या वर्षी जमले नसते. पैशांची गरज असूनही मी ते काम सोडले आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही.

ई-पासची अट २ सप्टेंबर २०२० पासून गेली आणि मी त्याच महिन्यात निघाले. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असा नेहमीचा रस्ता. घाटात पावसाळा मुरलेला होता, सोनकी फुलू लागली होती, धबधबे अजून बारीक धारांनी चालू होते. माणगाव मागे पडले आणि छपरांवर निळी ताडपत्री दिसू लागली. आधी एखाद्या घरावर, मग तीन घरांआड, मग सलग. डोंगरउतारावरची झाडे एकाच दिशेला वाकलेली होती, कोणीतरी ओला हात फिरवल्यासारखी.

वाडीच्या तोंडाशी मी थांबले, कारण मला वाडी ओळखू आली नाही. आमच्या वाडीत भर दुपारी संध्याकाळ असायची. लहानपणी आम्ही तिथे आकाश शोधायचो. झावळ्यांच्या फटीतून एक निळी चकती दिसली की ती आपली, असा खेळ होता. आता तिथे पाय भाजेल असे ऊन होते. माड शेंड्याला पिळवटून तुटले होते आणि पोफळी मधोमध मोडल्या होत्या, त्यांचे अर्धे खांब नुसतेच उभे. जायफळाची उरलेली झाडे सावली गेल्यामुळे पानांच्या कडांना करपत होती. वादळातून वाचलेली झाडे आता उन्हाने मरत होती, आणि हे मला कोणत्याही फोटोत दिसले नव्हते.

मी आकडे घातलेल्या फोटोंचे मोठे प्रिंट नेले होते. मामाने ते जेवणाच्या आधीच पडवीत पसरले, हात धोतराला पुसून. झाडे तो आधीच मोजून बसला होता, त्यामुळे आता तो फक्त बघत होता. मामी मागून आली, डोळ्यांवर चष्मा चढवून वाकली, आणि झाडांकडे न बघता तिने एका कोपऱ्यावर बोट ठेवले. “ही पाठमोरी कोण?” आरतीच्या घोळक्याच्या पलीकडे, विहिरीशी, एक बाई वाकून काहीतरी गोळा करत होती. फोटोत ती माझ्या नखापेक्षाही लहान होती. मामा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “आई.” सगळे आरतीत असताना आजी पावसाचा शिडकावा आला म्हणून वाळत घातलेल्या सुपाऱ्या सुपात भरत होती. आजीचे माझ्याकडे सुरेख फोटो आहेत, खुर्चीत बसवून, खिडकीचा उजेड एका गालावर घेऊन काढलेले. त्यांपैकी कशातही ती काम करताना नाही. मी तिला ओळखत होते ती कायम काम करताना, आणि तो एकच फोटो वडिलांनी नकळत काढून ठेवला होता. मामीने तो प्रिंट मागून घेतला. देवघराशेजारी तोच लावलेला आहे, खुर्चीतला नाही.

त्या मुक्कामात मी मामाच्या घराचे, गोठ्याचे, विहिरीचे आणि नव्याने लावलेल्या रोपांचे फोटो काढले. रोपे वीतभर ते हातभर होती, प्रत्येकाला सावलीसाठी तुटक्या झावळीचा आडोसा. सुपारीच्या श्रीवर्धनी रोठा जातीची रोपे. त्या पावसाळ्यात सगळीकडून मागणी असल्याने ती मिळवायला मामाला तीन गावे फिरावे लागले होते. पोफळीला पहिले फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात, माडाला त्याहून अधिक. मामाचे वय तेव्हा ६८ होते आणि रोपांना पाणी घालताना तो वर्षांबद्दल काही बोलला नाही. आळ्यातले तण काढताना माझ्याकडे न बघता एवढेच म्हणाला, “विहीर येऊ दे हो फोटोत. नाहीतर पुन्हा जागा कळायची नाही.”

पुण्यातल्या चालण्याला त्यानंतर पाच वर्षे झाली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले, तेव्हा आमच्या भागातली आणखी काही झाडे पडली. त्यांपैकी दोन माझ्याकडे होती, उभी, पूर्ण, शेजारच्या घरांसकट. ती ज्यांच्या दारातली होती त्यांना मी प्रिंट नेऊन दिले. एका घरातल्या आजोबांनी प्रिंट हातात धरून पहिला प्रश्न विचारला तो झाडाबद्दल नव्हता. फोटोत फाटकाशी एक सायकल टेकलेली होती, ती त्यांच्या दिवंगत पत्नीची, पुढे भंगारात दिलेली.

अशा फोटोंना विकत घेणारे कोणी नाही आणि प्रदर्शनात ते भिंतीवर उठून दिसत नाहीत. लग्ने पुन्हा धूमधडाक्यात होऊ लागली आहेत आणि तिथे मी अजूनही पन्नासची लेन्स उघडून नवरीच्या मागचा मांडव विरघळवते, कारण लोकांना ते हवे असते आणि माझे घर त्यावर चालते. फक्त आता प्रत्येक लग्नात मी एक फेरी वेगळी मारते. अॅपर्चर बंद करून, मागे सरकून, मुदपाकखान्यात, चपलांच्या ढिगाजवळ, अक्षता पुड्यांत भरणाऱ्या मावश्यांजवळ. ते फोटो अल्बममध्ये जात नाहीत. मी ते वेगळ्या पाकिटात घालून देते आणि मागे तारीख लिहिते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुलमोहराचा बुंधा दोन पावसाळे तसाच होता. पहिल्या वर्षी त्यावर पांढऱ्या छत्र्या उगवल्या, दुसऱ्या वर्षी वाळवीने वारूळ घातले, तिसऱ्या वर्षी तो खणून तिथे फरशी बसवली गेली. समोरच्या तळमजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात आता एप्रिलमध्ये दुपारी ऊन येते आणि त्यांनी ओट्यासमोरच्या खिडकीला जुना पडदा लावला आहे. तो पडदा माझ्याकडे आहे, फरशी आहे, वारूळ आहे, छत्र्या आहेत. उभा गुलमोहर तेवढा नाही. स्कूटरचा तो फोटो मी मोठा करून काढून घेतला आहे. त्यात बुंध्याच्या सालीवर कोणीतरी खिळा ठोकून लावलेला शिकवण्यांच्या जाहिरातीचा पत्रा दिसतो.

यंदा फेब्रुवारीत मामाने पहिल्यांदाच स्वतःच्या मोबाइलवरून मला फोटो पाठवला. एका पोफळीला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे, फिकट पिवळसर, अजून अर्धी आवरणातच. फोटो जरा कललेला आहे आणि वरच्या कोपऱ्यात मामाचे बोट आले आहे. पोफळ मधोमध नाही, डावीकडे ढकललेली आहे, कारण उजवीकडे विहिरीचा कठडा आणि गोठ्याचा कोपरा दोन्ही बसवायला त्याला बरेच मागे सरकून उभे राहावे लागले असणार. मागे दोरीवर मामीचे लुगडे वाळत आहे, आणि लुगड्याखालून दुसऱ्या रांगेतल्या चार पोफळींचे बुंधे दिसत आहेत. मी ते मोजले आणि त्याला उलट कळवले की चार दिसतात, पाचवी लुगड्यामागे असावी. त्याचे उत्तर आले, आहे म्हणून.